एकाच ब्राउझरमध्ये संकेतस्थळ अडले तर: साफसफाई, रीसेट की दुसरा ब्राउझर?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकांच्या संगणकावर बिल भरण्याचे पान क्रोममध्ये उघडेना. टॅबवरचे वर्तुळ फिरत राही आणि पान पांढरेच. त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये मात्र ते लगेच उघडत होते, म्हणजे दोष जोडणीचा नव्हता आणि संकेतस्थळही चालू होते. अशा वेळी तीन मार्ग समोर असतात, आणि त्यांतला कोणता निवडावा हे दोन मिनिटांच्या एका चाचणीवरून बरेचसे ठरते.

ती चाचणी म्हणजे इन्कॉग्निटो, म्हणजेच खासगी, खिडकी. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. तिच्यात जुन्या कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, नसतात, आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने, हीही चालत नाहीत. पान तिथे उघडले, तर दोष बहुधा या दोहोंपैकी एकात आहे.

दोष कुकीत असेल, तर सगळा इतिहास पुसण्यापेक्षा फक्त त्या संकेतस्थळाचा साठा पुसणे केव्हाही चांगले. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली की कुकी आणि साइट डेटाचा पर्याय मिळतो. सरसकट पुसल्यास प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते आणि ज्येष्ठांना पासवर्ड आठवत नाहीत, हा त्रास मूळ अडचणीपेक्षा मोठा ठरतो. एका स्थळापुरते पुसले तरी तिथले लॉगिन जाते आणि अर्धवट भरलेला अर्जही जाऊ शकतो, म्हणून अर्ज क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा.

रीसेट, म्हणजे ब्राउझरची सेटिंग मूळ स्थितीत आणणे, हा त्यापेक्षा जड उपाय आहे. क्रोममध्ये रीसेट केल्यावर बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड राहतात, पण कुकी जातात आणि एक्सटेन्शन बंद होतात. फायरफॉक्समध्ये याच उपायाला रिफ्रेश म्हणतात; त्यात एक्सटेन्शन काढूनच टाकली जातात, मात्र कुकी राहतात. त्यामुळे कुकीच बिघडलेली असेल, तर फायरफॉक्समध्ये या मार्गाने काहीच साधत नाही. अनेक संकेतस्थळे एकदम अडू लागली, तरच मी रीसेटकडे वळेन.

दुसरा ब्राउझर हा सर्वांत झटपट मार्ग, आणि बिलाची शेवटची तारीख आजच असेल तर तोच घ्यावा. परंतु क्रोम सोडून एजमध्ये गेल्याने कुकी आणि एक्सटेन्शन बदलतात, पान मांडून दाखवणारे आतले इंजिन मात्र तेच राहते, कारण जानेवारी 2020 पासून एजही क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर, चालते. इंजिन खरोखर बदलायचे असेल तर फायरफॉक्स घ्यावा. संगणक विंडोज 7 चा असेल तर क्रोमची आवृत्ती 109 च्या पुढे जात नाही, आणि नव्या धाटणीचे पान त्यात तुटक दिसत असेल तर कितीही साफसफाई केली तरी व्यर्थ आहे. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक सगळ्याच ब्राउझरमध्ये येत असेल, तर आधी संगणकाचे घड्याळ आणि तारीख तपासावी.

काकांचे पान इन्कॉग्निटोत उघडले. मग एकेक एक्सटेन्शन बंद करत गेलो आणि तिसरे, सवलतीची कुपने शोधणारे, बंद करताच नेहमीच्या खिडकीतही बिलाचा आकडा दिसला.