आधी डक्ट की आधी ब्रेक ऑइल?

रेसमध्ये ब्रेक तापले की दोन उपाय: बाहेरची हवा पाइपने, म्हणजे डक्टने, ब्रेकच्या डिस्कवर सोडायची, नाहीतर ब्रेक ऑइल बदलायचं. नवतपात नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की हमखास ऐकू येतं, "भाऊ, ही भट्टीची हवा डिस्कवर सोडून काय उपयोग?" उपयोग आहे. ट्रॅकवर छोट्या गाडीचीही डिस्क 400 अंशांच्या वर जाऊ शकते. तिच्यापुढे आपली लू गारच म्हणायची. फक्त पाइपचं तोंड नीट हवं. पोकळ (आतून हवेच्या फटी असलेली) डिस्क असेल तर हवा मधोमध, हबजवळ द्या. भरीव असेल तर दोन्ही बाजूंना, नाहीतर डिस्क एकीकडेच गार होते.

ऑइल बदलून डिस्क थंड होत नाही, ऑइल उशिरा उकळतं एवढंच. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा; ताजं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत तग धरतं, डॉट 4 230, डॉट 5.1 260. पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग हेच आकडे 140, 155, 180 वर येतात. म्हणून पावसाळा काढलेलं ऑइल मी रेसला ठेवत नाही. (डॉट 5 वेगळं, सिलिकॉनचं, यात मिसळू नका.)

ब्रेकचं पॅडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळून त्यात वाफ झालीय; आधी ऑइल, काम स्वस्तातलं. पॅडल कडक, तरी गाडी थांबेना? तिथे डिस्कला दाबणारे पॅड तापून हरलेत; मग डक्टच.