बालसंगोपन योजना, नागपूर: गृहभेट एक नंबर, फाईलींचा मात्र त्रास

रेटिंग: साडेतीन स्टार

ज्या घरात आई किंवा बाप गेला, सोडून गेला, जेलमध्ये आहे किंवा कॅन्सरसारख्या आजाराने अंथरुणाला खिळला, त्यांनी राज्य सरकारची ही योजना बघाच, पोराला घरीच सांभाळायला पैसे मिळतात. पोरगं पूर्ण अनाथच पाहिजे असं काही नाही, हे आपल्याकडे बऱ्याच लोकांना माहीतच नसते. १८ वर्षांपर्यंत एका पोरामागे महिन्याला २२५० रुपये, आधी ११०० होते, २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंचं नाव लागलं तेव्हा वाढले.

माझी वहिनी मानेवाड्याला राहते, दोन पोरं अन् माझी आई सोबत. दादा गेल्यावर नातेवाईकच मागे लागले होते की पोरांना बालगृहात टाक अन् तू कामाचं बघ. काहून टाकायचं पण? २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे की संस्था हा शेवटचा पर्याय, आधी घर. मग आम्ही या योजनेचा फॉर्म भरला. गृहभेटीला, म्हणजे घरी येऊन चौकशी करायला, ज्या मॅडम आल्या त्या चांगल्या तासभर बसल्या, आईशी बोलल्या, पोरं शाळेतून आल्यावर घरी कोण असते, आईच्या बीपीच्या गोळ्या कोण आणते, मोठी अभ्यासाला कुठं बसते, सगळं विचारलं. अख्ख्या घराची अशी चौकशी करणारं सरकारी माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिलं, वहिनी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोकळं बोलली.

स्टार कापले ते कागदांमुळे. आम्ही जिथं फॉर्म दिले तिथं मृत्यू दाखला एकच, उत्पन्नाचा दाखला एकच, तरी दोन पोरांच्या दोन फाईली, सगळ्या झेरॉक्स डबल, घरासमोरचे फोटो पण वेगवेगळे. मोठीचं मंजूर झालं अन् धाकट्याचं त्रुटीत अडकलं, एकाच छताखाली राहून राहिले बापा दोघं! पैसे पण कधी कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, तोवर शाळेचा व्हॅनवाला थोडीच थांबते. चौकशी घराची करता तर फाईल पण घराची एकच करा ना.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून, म्हणजे घरीच राहणाऱ्या पोराला मदत म्हणून, महिन्याला ४००० मिळतात, पण शहरात घरचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागते, त्यात बसत असाल तर आधी तेच विचारा. अन् बालकल्याण समितीसमोर, म्हणजे पोरांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, जाताना आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही घेऊन जा, आम्ही आईला नेलं होतं, तिचंही म्हणणं ऐकून घेतलं.