इमॅटिनिबची गोळी चोख. पीसीआर तपासणी मात्र पारखून घ्यावी लागते

बडोद्यात सीएमएलच्या (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, एक ब्लड कॅन्सर) रुग्णाला दोन गोष्टी नेमाने विकत घ्याव्या लागतात: रोजची इमॅटिनिबची गोळी आणि दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे या आजाराच्या बिघडलेल्या जनुकाची, पीसीआर तपासणी. दोन्हींचं परीक्षण एकत्रच करायला हवं, कारण गोळी लागू पडतेय की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. गोळीबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. तपासणीच्या सेवेबद्दल मात्र बरंच सांगण्यासारखं आहे.

आधी गोळी कशावर काम करते ते. आपल्या पेशींत एबीएल नावाचं एक टायरोसिन कायनेज, म्हणजे एक प्रकारचं विकर, असतं. एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवायचा, एवढंच त्याचं काम. पण असे फॉस्फेट बसत गेले की पेशीला वाढीचा निरोप पोचतो, म्हणून निरोगी पेशीत एबीएल बहुतेक वेळ मिटलेलं असतं. त्याच्या एका टोकाला मिरिस्टेट हा मेदाम्लाचा तुकडा असतो. तो वळून त्याच प्रथिनाच्या एका खोबणीत बसतो आणि कायनेजला कुलूप लागतं. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. नोवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना १९६० मध्ये दिसलेलं आखूड फिलाडेल्फिया गुणसूत्र ते हेच. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या सांधणीत एबीएलचं कुलपाचं टोकच गळतं आणि तिथे बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा भाग येतो; हेच जोडप्रथिन म्हणजे बीसीआर-एबीएल. बीसीआरच्या त्या भागाला एकमेकांत पीळ घालून चिकटायची सवय आहे. चिकटलेली कायनेजं एकमेकांवरच फॉस्फेट बसवतात आणि निरोप थांबायचं नाव घेत नाही. बीसीआरमधल्या १७७ क्रमांकाच्या टायरोसिनवर ग्रब२ हे प्रथिन येऊन बसतं, तिथून पेशी वाढवणारे रास आणि पीआय३ कायनेजचे मार्ग सुरू होतात. दुसरीकडे स्टॅट५ हे प्रथिन पेशीला वेळेवर मरू देत नाही. अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत हे घडलं की तिची सगळी पिलावळ तशीच निपजते. पांढऱ्या पेशी लाखांवर जातात, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागते.

इमॅटिनिब एटीपीच्याच जागेत जाऊन बसतं, तेही कायनेज मिटलेल्या स्थितीत असताना, आणि त्याला उघडू देत नाही. अमेरिकेत त्याला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या (गोळीत इमॅटिनिब याच रूपात असतं) बीटा स्फटिकरूपाला पेटंट नाकारलं, म्हणून आज जेनेरिक गोळी मिळते. जेनेरिक घ्यायला हरकत नाही; स्वस्त आहे म्हणून मनात किंतु नको. पाकिटावर इमॅटिनिब किती ते पाहा. ४०० मिग्रॅ इमॅटिनिब म्हणजे ४७८ मिग्रॅ मेसिलेट, त्यामुळे छापलेले दोन आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका. दिवाळी ते लाभपाचम आणि उत्तरायणाचे दोन दिवस दांडिया बाजार-रावपुऱ्यात बरीच दुकानं बंद असतात. दहाची एक स्ट्रिप कायम जास्तीची ठेवा.

क्रॉनिक, म्हणजे आजाराच्या सुरुवातीच्या संथ, टप्प्यात मात्रा रोज ४०० मिग्रॅ, एकदाच, भरल्या पोटी आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली. नवरात्रात उपवास असेल तर फराळाबरोबर घ्यावी, पण चुकवू नये. गिळता येत नसेल तर २०० मिली पाण्यात टाकून ढवळावी. विरघळली की लगेच पिऊन टाकावी. कोरडी कुटू नये, आणि घरात गर्भवती असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि रात्री पोटरीत गोळे, हे दोन त्रास नेहमीचे. वजन झपाट्याने वाढलं तर मात्र लगेच दाखवा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) हवंच: न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेले तर डॉक्टर गोळी थांबवतात आणि १,५०० व ७५,००० वर आल्यावर पुन्हा सुरू करतात. क्षयाचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन-कार्बामाझेपिन ही औषधं रक्तातलं इमॅटिनिब उतरवतात; क्लॅरिथ्रोमायसिन, कीटोकोनाझोल आणि ग्रेपफ्रूट ते चढवतात. नवीन औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला इमॅटिनिब चालू असल्याचं सांगा.

आता तपासणी. इथे घोळ बहुधा यंत्रापाशी न होता त्याच्या आधीच होतो. पीसीआर आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल) मोजते आणि आरएनए फार नाजूक असतो, रक्त काढल्यापासून तो तुटायला लागतो. ट्यूब जांभळ्या टोपणाची, म्हणजे ईडीटीएचीच हवी. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआरलाच अडवतं. नमुना २४ तासांत प्रयोगशाळेत पोचला तर उत्तम, ४८ तासांपलीकडे भरवसा नाही. गोठवायचा नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतही ठेवायचा नाही. बडोद्यातल्या बऱ्याच संकलन केंद्रांतून नमुना बाहेरगावी जातो. अहमदाबाद सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, पण शनिवारी दुपारी काढलेलं रक्त सोमवारपर्यंत केंद्रातच पडून राहिलं तर त्या जवळिकीचा उपयोग काय? सोमवार ते बुधवार, सकाळी रक्त द्यावं आणि काउंटरवर सरळ विचारावं: नमुना कुठे जातो, आज किती वाजता निघतो? याचं धड उत्तर न देणारं केंद्र सोडून द्यावं, मग तिथे कितीही सवलत असो.

रिपोर्टमधली टक्केवारी म्हणजे कंट्रोल जनुकाच्या, म्हणजे तुलनेसाठी मोजलेल्या नेहमीच्या जनुकाच्या, मानाने बीसीआर-एबीएल किती. रिपोर्ट आला की तिच्या आधी दोन ओळी शोधा. आकडा आंतरराष्ट्रीय मापात, म्हणजे 'आयएस'मध्ये आहे का? नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो ताडून बघता येत नाही. आणि कंट्रोल जनुकाच्या, बहुधा एबीएलच्या, प्रती किती? समजा रिपोर्टवर 'बीसीआर-एबीएल आढळलं नाही' असं ठळक लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात एबीएलच्या प्रती ३,००० आहेत. पेढे वाटू नका. नमुन्यात आरएनएच इतका कमी उरला होता की थोडाफार आजार असता तरी दिसला नसता. ०.०१ टक्क्याची पातळी गाठली असं म्हणायला किमान १०,००० प्रती लागतात, ०.००३२ साठी ३२,०००. हा आकडा न छापणारा रिपोर्ट आमच्या मते अपुरा आहे. पैसे देताना तो मागून घ्यायचा हक्क रुग्णाचा आहे.

निदानाच्या वेळी ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे बीसीआर-एबीएलच्या आरएनएचा, प्रकार नोंदवून ठेवा. बहुतेकांत तो ई१३ए२ किंवा ई१४ए२ असतो. क्वचित ई१९ए२ सारखा वेगळा निघतो आणि नेहमीच्या चाचणीला तो दिसतच नाही. अशा रुग्णाचा रिपोर्ट कायम शून्य येतो आणि आजार आत वाढत राहतो. कार्ट्रिजवाली यंत्रं दोनेक तासांत थेट आयएसमध्ये आकडा देतात. सोय झकास, पण नेहमीचं कार्ट्रिज वरचे दोनच प्रकार ओळखतं.

तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ किंवा कमी, वर्षाने ०.१ किंवा कमी, हे टप्पे. ०.०४ चं ०.०७ झालं म्हणून झोप उडवू नका, एवढा फरक मोजणीतच पडतो. तीन महिन्यांनी १० च्या वर असेल तर एक ते तीन महिन्यांत पुन्हा मोजून खात्री करतात. आकडा खरोखर चढत असेल तर आधी रिकाम्या स्ट्रिपा मोजा, कारण सर्वांत जास्त वेळा चुकलेल्या गोळ्याच सापडतात. गोळ्या पूर्ण घेतल्या असतील तर म्युटेशन तपासणी, म्हणजे एबीएलच्या जनुकात बदल झालाय का ते पाहणं. ३१५ क्रमांकाच्या थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन आलं असेल तर इमॅटिनिब आणि त्याच जातीची डॅसाटिनिब, निलोटिनिब ही तिन्ही निरुपयोगी. तिथे पोनॅटिनिब चालतं, पण धमन्या तुंबण्याचा धोका तोलून. किंवा ॲसिमिनिब, ते मिरिस्टेटच्या त्या रिकाम्या खोबणीत बसतं आणि हरवलेलं कुलूप परत लावतं.

प्रत्येक ब्लड कॅन्सरला ही गोळी चालत नाही. एएमएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये बिघाड एफएलटी३ या वेगळ्या टायरोसिन कायनेजचा असू शकतो, त्याला मिडोस्टॉरिन किंवा गिल्टेरिटिनिब लागतं.

गोळी बंद करता येईल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. किमान पाच वर्षं गोळी आणि त्यातली दोन-तीन वर्षं सलग ०.०१ टक्के किंवा कमी असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रयत्न करता येतो. साधारण निम्म्या रुग्णांत आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. गोळी पुन्हा सुरू केली की आकडा सहसा उतरतो. पण त्या सहा महिन्यांत दर महिन्याला भरवशाचा आकडा हातात हवा. तो देणारी प्रयोगशाळा आधी नक्की करा, मगच गोळी थांबवण्याचा विषय डॉक्टरांकडे काढा.