किंग्ज कॉलेज लंडन: कला व्यवस्थापनाचं एम.ए.

पुण्यात प्रायोगिक नाटकांच्या निर्मितीची सूत्रं सांभाळणाऱ्यांनी हा वर्षभराचा अभ्यासक्रम जरूर करावा. अनुदानाचं राजकारण मला इथे नीट कळलं: १९४६ पासून आर्ट्स कौन्सिलला, म्हणजे कलांना अनुदान वाटणाऱ्या तिथल्या संस्थेला, पैसा सरकार देतं, पण तो कुणाला द्यायचा हे मंत्री ठरवत नाहीत. कॉलेज सॉमरसेट हाउस या कलाकेंद्राला अगदी खेटून आहे. वॉटर्लू पूल ओलांडला की नॅशनल थिएटर! तिथल्या फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, भर दुपारी, प्रयोग नसतानाही, माणसं लॅपटॉप उघडून बसलेली असतात. प्रेक्षक घडवणं म्हणजे काय, ते मला तिथे दिसलं.

प्रकाशयोजना, नेपथ्य शिकायचं असेल तर मात्र दुसरीकडे जा. इथे वाचन आणि प्रबंधावरच भर आहे. आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आधी भरा, फी खरंच जड आहे.