केलडी की कस्तूर?

आमच्या परसात पहाटे आधी येतो तो मलबारी कस्तूर पक्षी. पाऊस लागला की वहाळाकाठच्या कातळावर बसून अशी शीळ घालतो, जणू शाळा बुडवून कुणी पोर भटकतंय. रंग काळपट निळा, खांद्यावर चकाकता ठिपका, अंगाने जेमतेम 25 सेंटिमीटर. किडे, गोगलगायी, बेडूक आणि चक्क खेकडेही खातो. म्हणजे खाण्यात तो आमच्यातलाच!

उन्हं वर आली की केलडी माकडं. टाळूवर भोवऱ्यासारखे केस, लांब शेपूट, गालात पिशव्या. त्यात केळी कोंबून, शहाळी फोडून टोळी पसार. हे माकड फक्त दक्षिण भारतात आढळतं. गंमत म्हणजे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत ते 'असुरक्षित' आहे. हे बागायतदाराला सांगून बघा!

केलडीच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, कस्तूर कपारीतल्या घरट्यात दोन ते चार अंडी घालतो. एक टोळीशिवाय राहत नाही, दुसरा एकटाच किंवा जोडीने. नारळांचा हिशोब मांडला तर कस्तूरच बरा. पण केलडीचं पिल्लू आईच्या पोटाला बिलगून बघायला लागलं की हातातला दगड खालीच राहतो.