‘डाँकी काँग’: सात महिने खेळल्यानंतर

निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रावर ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या जुन्या आर्केड खेळांच्या (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या) मालिकेतला ‘डाँकी काँग’ हा व्हिडिओ गेम घेऊन सात महिने झाले. काँग नावाचं माकड वरून पिंपं सोडतं, ती चुकवत शिड्या चढून मारिओने तरुणीला सोडवायचं, असा हा खेळ. रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास, हा जवळपास रोजचा नेम. लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये हाच खेळ होता, त्यामुळे सगळा पाठ आहे असं वाटत होतं. पण यातली जपानी आवृत्ती लावली आणि ५० मीटरचा मजला समोर आला. सरकते पट्टे, त्यांवरून येणारी सिमेंटची घमेली! घरगुती आवृत्तीतून चारपैकी तो अख्खा मजला गाळलेला होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाऊणच खेळ खेळत होतो.

खरी गोडी लागली ती उडीची. यातला मारिओ (तेव्हाचा जम्पमॅन) हवेत गेला की वळवता येत नाही. पाय सुटले की सुटले. जरा उंचावरून पडला तरी जीव जातो. त्यामुळे पिंप दिसताच बटण दाबायची सवय मोडावी लागली. पिंप शिडीच्या तोंडाशी येतं, कधी सरळ पुढे जातं, कधी शिडीवरूनच खाली उतरतं. ते ठरेपर्यंत थांबायचं. हातोडा मिळाला की पिंपं फोडता येतात, पण तो हातात असेपर्यंत ना उडी, ना शिडी. आणि तिकडे वेळेबरोबर बोनसचे गुण उतरतच असतात. मोह आवरायला मला दोन महिने लागले.

मजले आणि शिड्या आधीच्या खेळांतही होत्या. १९८० च्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये खड्डे खणून शत्रूला पाडायचं, पण उडी नव्हती. १९८१ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्याच ‘रडार स्कोप’ या खेळाची यंत्रं न विकता पडून राहिली, त्यांत घालायला नवा खेळ हवा होता. ते काम कंपनीतल्या शिगेरू मियामोतोंकडे आलं, देखरेख तिथल्याच गुनपेई योकोईंची. पोपाय या कार्टूनचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून माकड, सुतार आणि तरुणी आली. मियामोतो प्रोग्रॅमर नव्हते, चित्रं काढणारे होते. आधी गोष्ट आणि मग यंत्र, हे खेळताना जाणवतं. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये हवेत वळता येऊ लागलं, पण कधी उडायचं हा हिशेब इथलाच.

तक्रार एकच. वेगळी घेतलेली जॉयस्टिक जरा तिरकी गेली की मारिओ शिडी धरत नाही. मूळ यंत्राची दांडी चारच दिशांची होती. आता मी दिशांची बटणं वापरते, शिडी चुकत नाही.

माझी भाची नव्या मारिओवर वाढलेली. पहिल्या दिवशी हवेतच वळायला जाऊन ती पाच वेळा मेली. आता पिंपासमोर श्वास रोखून थांबते. परवा १०० मीटरच्या शेवटच्या मजल्यावर तिने आठवी, म्हणजे शेवटची रिव्हेट (मजला धरून ठेवणारा खिळा) काढली, काँग डोक्यावर आपटला, आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो.