तोलेंतिनोच्या थॉमसचे ठाणे : एका हेरिटेज वॉकचा अनुभव

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता चेंदणी कोळीवाड्यातून निघून साडेनऊला तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपाशी संपलेल्या या पायी फेरीचे शुल्क माणशी ४०० रुपये होते. विषय एकच होता : इटलीतील तोलेंतिनो गावचा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसने स्थापलेल्या ख्रिस्ती संघाचा, धर्मसंघी थॉमस, जो १३२१ मध्ये तीन सोबत्यांसह याच ठाण्यात मारला गेला. जन्म ठाण्यातला असूनही हे नाव मी प्रथमच ऐकत होतो.

निवेदकांची तयारी दांडगी होती. सुरुवातीलाच त्यांनी पिशवीतून फ्रान्सिस्कन कमरेला बांधतात तसा तीन गाठी मारलेला पांढरा दोर काढून सर्वांच्या हातांतून फिरवला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांच्या त्या गाठी. त्यांपैकी दारिद्र्याबाबत थॉमस इतका कडवा होता की त्याच्याच संघातील वरिष्ठांनी त्याला कैदेत टाकले. सुटल्यावर तो आर्मेनियाला गेला आणि पुढे खानबालिकहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, आलेली पत्रे घेऊन पोपपुढे उभा राहिला.

खाडीकाठचा अर्धा तास मात्र पैसे वसूल करणारा होता. इराणच्या आखातातील होर्मुझहून निघालेले गलबत ठाण्याला लागले, चौघे एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबात उतरले, त्या घरातील नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले आणि साक्षीला बोलावलेल्या तिघांची साक्ष बाजूला राहून धर्माचा वाद पेटला. चौथा, पीटर, सामान राखत घरीच थांबला होता, पण तोही वाचला नाही. दिल्लीच्या सुलतानाने पुढे इथल्या अधिकाऱ्याला देहदंड दिल्याचे ओडोरिक या प्रवाशाने लिहिले आहे. हा नाजूक भाग काही न लपवता आणि कोणालाही न डिवचता सांगितला गेला. त्याच ओडोरिकने चौघांच्या अस्थी चीनमधील झैतूनला नेल्या, आणि ठाण्यातील उंदीर कुत्र्याएवढे असून मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, हेही नोंदवून ठेवले. आमच्या बाजारपेठेतील घुशी पाहिलेल्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

उणिवा दोन-तीन आहेत. छापील नकाशात ‘संत थॉमस’ असा उल्लेख आहे. १३ व्या लिओ पोपने १८९४ मध्ये मान्यता दिली ती ‘धन्य’ म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीची, शिवाय नुसत्या ‘संत थॉमस’ने वाचक येशूच्या शिष्याकडेच वळतो. जुन्या किल्ल्यातील कारागृहाची भिंत दाखवून चौघे ‘इथेच कुठेतरी’ मारले गेले म्हणणेही खटकले, कारण तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. जांभळी नाक्यावर हातातील ध्वनिवर्धक बंद पडला आणि रिक्षांच्या गोंगाटात मागच्या दहा-बारा जणांना काहीच ऐकू आले नाही.

तरीही मी पुन्हा जाईन, या वेळी बायकोला घेऊन. फक्त रांगेत निवेदकांच्या अगदी मागे उभा राहीन.